उभ्या गाडीचं गणित

५ मार्च, बुधवार

डायरी लिहिणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. घरात ज्यांचं कोणी ऐकत नाही ती माणसं डायरी लिहितात, असं मी पॉलिटेक्निकच्या स्टाफरूममध्ये अनेकदा म्हटलेलं आहे. आज स्वतः लिहायला बसले, कारण मुकुंद म्हणाला, "उल्का, हीच गोष्ट तू सकाळपासून चौथ्यांदा सांगते आहेस. कुठेतरी लिहून ठेव, माझी सुटका होईल." मुकुंद म्हणजे माझा नवरा. पोस्टातून निवृत्त झाला. अक्षर सुंदर, बोलणं कमी. मी त्याला पहिल्यापासून अरे-तुरे करते, त्याबद्दल सासूबाईंनी जे बोलायचं ते बोलून घेतलं होतं.

तर गोष्ट अशी. मुक्ताईचा फोन आला. मुक्ताई माझी विद्यार्थिनी, धाराशिवकडची. वर्गात पहिल्या बाकावर बसून मला उलटे प्रश्न विचारायची. आता लोणी काळभोरला तिचा स्वतःचा कारखाना आहे. इंजिन आणि सांगाडा एवढाच ट्रक येतो, त्यावर ती हवी तशी बॉडी बांधून देते. आजवर दुधाचे, औषधांचे, झाडांच्या रोपांचे ट्रक बांधले तिने. आताचं काम निराळं आहे. आईच्या दुधाची पेढी चालवणारी एक संस्था आहे. ज्या बायकांना दूध जास्त येतं त्या ते देतात आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलांना ते पाजतात. आत्तापर्यंत बायकांनी पेढीवर यायचं असा नियम होता. ओली बाळंतीण रिक्षाने पेढीवर जाते आहे हे ज्याने ठरवलं त्याला मी एकदा भेटणार आहे. आता संस्था छोटा ट्रक काढते आहे. ट्रक दारात येणार, बाईने आत बसून दूध द्यायचं, ते तिथल्या तिथे फ्रीझरमध्ये गोठवायचं.

"मॅडम," मुक्ताई म्हणाली, "अल्टरनेटर आणि बॅटरी तुम्ही ठरवून द्या. दूध वितळलं की फेकून द्यावं लागतं. मला अंदाजाने काही बसवायचं नाहीये."

पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्यापासून तीन वर्षांत मला कोणी काही ठरवायला सांगितलेलं नाही. परवा भाजी कुठली आणायची तेसुद्धा मुकुंदने ठरवलं. मी मुक्ताईला म्हटलं, विचार करून सांगते. विचार वगैरे काही नव्हता करायचा, फोन ठेवायच्या आधीच मी हो म्हटलेलं होतं.

८ मार्च, शनिवार

मुकुंदला समजावून सांगितलं. अल्टरनेटर म्हणजे नळ. इंजिन फिरलं की तो वीज देतो. बॅटरी म्हणजे हंडा. नळ गेला की हंड्यातलं वापरायचं. पेठेत राहणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. मुकुंद म्हणाला, "मग मोठा नळ आणि मोठा हंडा घ्या, काम संपलं." असंच सगळे म्हणतात. मोठा नळ इंजिनाची ताकद खातो, मोठा हंडा वजन खातो, आणि लागतं किती ते कोणालाच ठाऊक नसतं.

मी लोणीला जाऊन बसले आणि प्रत्येक यंत्र किती वीज ओढतं ते मोजलं. फ्रीझर, दूध काढायचे दोन पंप, बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र, पंखे, दिवे, लेबल छापायचं मशीन. शिवाय गाडीचे स्वतःचे दिवे, वायपर, हॉर्न. ड्रायव्हर दत्तप्रसाद यांनी केबिनमध्ये गणपती बसवला आहे, त्याच्यापुढे छोटा लाल दिवा जळतो. तोही मी धरला. दत्तप्रसाद म्हणाले, "मॅडम, देवाच्या दिव्याचं बी बिल लावता व्हय?" मी म्हटलं, देवाने गाडी चालवली तर सोडून देईन.

मुक्ताई बाजूला उभी राहून नुसती ऐकत होती. वर्गात एवढी गप्प कधी नव्हती.

१९ मार्च, बुधवार

ठरलं. एकशेवीस अँपिअरचा अल्टरनेटर.

याचा मला अभिमान आहे आणि तो मी इथे लिहून ठेवते, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही. दुकानदार मुक्ताईला नव्वदचा देत होता. म्हणे, "तुमचं सगळं मिळून सत्तर होतंय, नव्वद भरपूर झाला." कागदावर भरपूर झाला. पण कागदावरचा आकडा असतो इंजिन हायवेवर जोरात पळत असतानाचा. आमची गाडी बाळंतिणीच्या दारात उभी राहून गुरगुरणार. त्या वेगाला अल्टरनेटर निम्मीसुद्धा वीज देत नाही. नव्वदचा तिथे चाळिशीच्याही खाली उतरतो, आणि उभ्या गाडीत आमची गरज बरोबर चाळीसची. एकशेवीसचा पन्नासच्या आसपास देतो. म्हणजे काम भागून थोडी वीज उरते. हे त्या दुकानदाराला मी फळा असता तर फळ्यावर करून दाखवलं असतं. पाठीमागच्या कॅलेंडरवर करून दाखवलं.

बॅटऱ्या दोन. एक इंजिन चालू करायला, दुसरी मागच्या यंत्रांना. मधे असा स्विच की मागची बॅटरी रिकामी झाली तरी पुढचीला धक्का नको, गाडी रस्त्यात बंद पडायला नको. मागची शंभरची घेतली. त्यावर फार तर सव्वा तास निघेल, पण त्यापेक्षा जास्त लागणारच नाही. इंजिन चालूच असणार आहे.

मुक्ताईने एवढंच विचारलं, "मॅडम, मागची मोठी घ्यायची का? मी तिथे दुपटीची जागा ठेवली आहे." मी म्हटलं, जागा ठेवली म्हणून सामान भरायचं नसतं. ती हो म्हणाली.

३० मार्च, रविवार, पाडवा

आज गाडी रस्त्यावर आली. पांढरा ट्रक, बाजूला निळा पट्टा, मागे दोन आरामखुर्च्या आणि पडदे. गुढीबरोबर गाडीलाही साखरेची गाठी घातली. पेढीच्या प्रमुख डॉक्टर अस्मिता चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर आणि शोध टेबलावर. मला म्हणाल्या, "उल्काताई, अख्ख्या गाडीत मला कळत नाही असं एकच आहे, ते तुमचं." मी म्हटलं, मग त्याची काळजीच करू नका.

मुक्ताईने माझ्या पाया पडायचं ठरवलं तेव्हा मी तिला अर्ध्यात धरलं. रडायला येत होतं. ऊन फार होतं, असं मुकुंदला सांगितलं.

पहिला आठवडा रोज दोनच थांबे. मग पाच.

२ एप्रिल, बुधवार

आज गाडी आमच्याच सोसायटीत आली. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेला मीच तयार केलं होतं. गाडी तासभर उभी होती, इंजिन अर्थातच चालू. दुसऱ्या मजल्यावरच्या वेणूबाई गॅलरीत येऊन म्हणाल्या, "उल्काताई, तुमच्या समाजसेवेचा धूर आमच्या पोह्यांत येतोय."

धूर काही पोह्यांपर्यंत पोचत नव्हता. पण मी ऐकून घेणाऱ्यांतली नाही. संध्याकाळी पाटी तयार केली. मजकूर माझा, अक्षर मुकुंदचं:

"गाडी उभी असताना इंजिन बंद ठेवावे. 'फक्त पाच मिनिटं' ही सबब चालणार नाही. अपवाद नाही. आहे का, असे विचारूही नये."

मुकुंदने चार वेळा वाचली. म्हणाला, "मजकूर उत्तम आहे. पण उद्या कोणी पाळली तर?"

मी म्हटलं, पुण्यात? पाटी? माझ्या अख्ख्या आयुष्यात 'येथे वाहने लावू नयेत' या पाटीखालीच मी गाड्या लावलेल्या पाहिल्या आहेत. पाटी लिहायची ती लिहिणाऱ्याच्या समाधानासाठी आणि वेणूबाईंनी वाचावी म्हणून. दत्तप्रसादांना सांगून केबिनमध्ये काचेला लावून घेतली, बाहेरून दिसेल अशी. वेणूबाईंनी चष्मा लावून वाचली. मी पडद्याआडून पाहिलं. आज झोप छान लागणार.

९ एप्रिल, बुधवार

फार वाईट दिवस.

सोमवारपासून गाडी पाच थांबे करते आहे. आज संध्याकाळी डॉक्टर अस्मितांचा फोन आला, ताबडतोब या. पेढीवर गेले. फ्रीझर बंद पडला होता. गाडी छान चालू, दिवे चालू, हॉर्न चालू, फक्त मागचं सगळं बंद. कधी बंद पडलं ते दत्तप्रसादांना कळलंच नाही, कारण गाडी झटक्यात सुरू होत होती. तोही माझाच शहाणपणा, दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवण्याचा.

बाटल्या वितळल्या होत्या. पेढीतल्या सिस्टर एकेक बाटली उघडून बेसिनमध्ये ओतत होत्या. मी तिथे उभी राहिले. कोणी मला उभं राहायला सांगितलं नव्हतं, पण निघून जाणं बरं दिसलं नसतं आणि मला जाववतही नव्हतं. दूध बेसिनमधून जाताना आवाज होत नाही. सिस्टरांनी मला चार शब्द सुनावले असते तर चाललं असतं.

डॉक्टर म्हणाल्या, "उल्काताई, ज्यांचं गेलं त्या प्रत्येकीला मी फोन करून खरं सांगणार आहे. आणि पुन्हा एकदा असं झालं तर मला गाडी बंद करावी लागेल. बायकांनी पेढीवर यायचं, पहिल्यासारखं." पहिल्यासारखं म्हणजे निम्म्या बायका येणार नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

मी म्हटलं, माझं गणित बरोबर आहे. त्या म्हणाल्या, "असेल." हा शब्द मला रात्रभर पुरेल.

१० एप्रिल, गुरुवार

लोणीला गेले. अल्टरनेटर तपासला. पट्टा, वायरी, फ्यूज, दोन्ही बॅटऱ्या, मधला स्विच. गाडी जागेवर उभी करून इंजिन चालू ठेवलं आणि मागचं सगळं सुरू केलं. नेमकी माझ्या आकड्याबरहुकूम वीज येत होती. दीड तास उभं राहून पाहिलं. फ्रीझर उणे अठरावर शांत.

दत्तप्रसाद काही सांगायला आले होते. "मॅडम, मी काय म्हणतो..." मी म्हटलं, दत्तप्रसाद, आत्ता नको, आकडे डोक्यात आहेत. ते मुक्ताईकडे बघून परत गेले.

मुक्ताईने मला चहा दिला. मग विचारलं, "मॅडम, इथे गाडी बरोबर चालते ना?"

"चालते."

"रस्त्यावर बिघडते."

"हो."

"मग कुठे तपासायला पाहिजे?"

मी लगेच म्हटलं, रस्त्यावर. मी स्वतः दिवसभर गाडीत बसणार, मीटर घेऊन. हे मुक्ताईला सुचायला हवं होतं, पण तिने डोळे मोठे करून "वा मॅडम" म्हटलं. मी वर्गात कधी उत्तर सांगत नसे, प्रश्न विचारत असे. मुलांना स्वतःला सापडलं की ती विसरत नाहीत. मुक्ताईलाही हे कधीतरी जमेल.

घरी येऊन मुकुंदला सांगितलं की मंगळवारी मी गाडीबरोबर जाणार. तो म्हणाला, "जा. केबिनमध्ये पुढे बस, काचेजवळ." उन्हात काचेजवळ कशाला बसायचं ते मला कळलं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

आज पहिल्याच थांब्यावर, कोथरूडला, दत्तप्रसादांनी गाडी लावली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

मी विचारलं, "बंद का केलंत?"

ते म्हणाले, "मॅडम, तुम्हीच लिवलंय की." आणि काचेकडे बोट केलं. आतून मुकुंदचं अक्षर उलटं दिसत होतं, तरी सगळं वाचता आलं.

"अहो, पण ती पाटी..."

"अपवाद न्हाई, म्हनून लिवलंय. इचारूबी नये म्हनून लिवलंय. मग मी इचारलं न्हाई."

  दत्तप्रसाद पुण्यात नवे आहेत. पुण्यात पाटी कशासाठी लिहितात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सरळ माणूस. लिहिलेलं वाचलं आणि केलं.

मीटर लावलं. इंजिन बंद, मागे चाळीस अँपिअरचा खर्च, हंडा शंभरचा. पहिला थांबा निघाला. मधे रस्त्यात गर्दी, चार्जिंग जेमतेम. दुसरा थांबा कसाबसा. तिसऱ्याला बॅटरी मान टाकायला लागली, तेव्हा मीच दत्तप्रसादांना इंजिन चालू करायला सांगितलं. ते पाटीकडे बघून घाबरत घाबरत चालू करत होते.

सगळ्यांना हे आधीच दिसलं होतं, असं मला वाटून गेलं. पण मग कोणी बोललं कसं नाही? तेव्हा नसेलच दिसलं. चूक मी शोधली, हे महत्त्वाचं.

चौथा थांबा हिंजवडी. मोठमोठ्या इमारतींच्या मागे सोसायटी. इथे इंजिन चालूच ठेवायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. पाटी काढायची, इंजिन चालू ठेवायचं, प्रश्न मिटला. मी मागे जाऊन बसले.

सृष्टी नावाची मुलगी आली. अकोल्याची, सॉफ्टवेअर कंपनीत आहे. चुणचुणीत, केस घट्ट बांधलेले. खुर्चीवर बसली, पंप लावला आणि दोन मिनिटांनी म्हणाली, "सॉरी काकू, आज इंजिन बंद नाही करणार का? व्हायब्रेशन्सनी मला दूध येत नाही. आणि डिझेलचा वास पण येतोय. मागच्या वेळी एकदम शांत होतं."

मी दत्तप्रसादांना हाक मारून बंद करायला सांगितलं, आणि बॅटरी टिकावी म्हणून फ्रीझर आणि तिचा पंप सोडून मागचं बाकी सगळं बंद केलं. गाडी गप्प झाली. सृष्टीने डोळे मिटले आणि बाटलीत दूध यायला लागलं.

मग ती आपणहून बोलली. तिची मुलगी सातव्या महिन्यात झाली होती. आठ दिवस होती. सृष्टी हे असं सांगत होती की मी मधे काही विचारावं असं वाटलं नाही. "पहिले दोन दिवस मला दूधच नव्हतं, काकू. तर कुणाचं तरी पेढीतलं दिलं त्यांनी तिला. नळीने, दोन-दोन एमएल. ती सगळं घ्यायची. सिस्टर म्हणायच्या, तुमची मुलगी एक थेंब ठेवत नाही. नंतर माझं आलं तेसुद्धा शेवटच्या दिवसापर्यंत घेत होती." हे सांगताना तिचा चेहरा ज्या आईची मुलगी बोर्डात आली असेल तसा झाला होता. "आता मला येतंय अजून. मग कुणालातरी जाऊ दे ना. महिनाअखेरीपर्यंत देईन, मग अकोल्याला आईकडे जाणार आहे."

थोड्या वेळाने म्हणाली, "मागच्या आठवड्याचं माझंच गेलं ना? डॉक्टरांचा फोन आला होता. इट्स ओके. होतं असं."

मी सांगितलं. माझ्यामुळे गेलं, माझ्या पाटीमुळे आणि मी छोटी बॅटरी घेतली म्हणून. तिने पंप काढून बाटलीला झाकण लावलं. मग म्हणाली, "पण पाटी बरोबर आहे, काकू."

१६ एप्रिल, बुधवार

रात्री झोप नाही. सकाळी सहाला मुक्ताईला फोन केला.

पाटी काढणार नाही. गाडी बदलायची.

आतल्या बाईला शांतता हवी. हे माझ्या गणितात कुठेच नव्हतं. मी देवाच्या दिव्याचा खर्च धरला, पण जी बाई तिथे बसणार तिला काय लागतं ते धरलं नाही. उभ्या गाडीत इंजिन बंदच असलं पाहिजे, आणि तसं धरून सगळं पहिल्यापासून करायचं.

म्हणून असं. मागच्या बॅटऱ्या एकाच्या जागी दोन, प्रत्येकी दीडशेच्या. बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरू द्यायची नाही, तरी दीडशे हाताशी राहतात. बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र सगळ्यांत खादाड. ते इंजिन चालू असेल तरच सुरू होईल असं जोडायचं. दोन थांब्यांच्या मधे बाटल्या उकळतील. त्यामुळे उभ्या गाडीचा खर्च चाळिशीवरून पंचविशीवर आला. पाच थांब्यांना सव्वाशे, त्यात मधल्या रस्त्यात थोडं भरून निघेल. शिवाय रात्री गाडी पेढीवर उभी असेल तेव्हा भिंतीतल्या प्लगवरून सगळं पूर्ण भरून घ्यायचं. अल्टरनेटर तोच. तो बरोबरच होता आणि हे मी पुन्हा लिहिते आहे.

मुक्ताईला म्हटलं, दोन बॅटऱ्यांना जागा पुरेल का? ती म्हणाली, "पुरेल, मॅडम."  मग मी म्हटलं, "तू मला तेव्हाच भांडून सांगायला हवं होतंस."

ती म्हणाली, "तुमच्याशी भांडून आजवर कोणाला मार्क मिळालेत, मॅडम?"

मला हसू आलं. ही पोर माझ्या हाताखालून गेली आहे, याचा मला आज फार अभिमान वाटला. तसं तिला सांगितलं. फोनवर ती काहीतरी पुटपुटली आणि वेल्डिंगवाल्यावर ओरडायला निघून गेली.

२४ एप्रिल, गुरुवार

नव्या बॅटऱ्यांचा चौथा दिवस. पाचही थांबे, फ्रीझर उणे अठरावर. दिवसअखेर बॅटरी अर्ध्याच्या वर. डॉक्टर अस्मिता म्हणाल्या, "महिना असा गेला की मी सुटकेचा श्वास घेईन." मी म्हटलं, आत्ताच घ्या, मी नंतर आठवण करायला येणार नाही.

वेणूबाईंनी जिन्यात थांबवून विचारलं, "आता गाडीचा आवाजच येत नाही. बंद पडली का?"

२९ एप्रिल, मंगळवार

आज सृष्टीचा शेवटचा दिवस होता. उद्या ती अकोल्याला जाणार. मी मुद्दाम गाडीबरोबर गेले. मुकुंद म्हणाला, मीही येतो. त्याला केबिनमध्ये बसवलं.

हिंजवडीला पोचेपर्यंत चार वाजले. ऊन असं की गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. दत्तप्रसादांनी इंजिन बंद केलं. सृष्टी आली, बसली. दूध आता कमी होत चाललं होतं. ती बराच वेळ बसली. बाटलीचा तळ जेमतेम झाकला. ती म्हणाली, "आज एवढंच आहे. चालेल?" मी म्हटलं, दोन-दोन एमएलने मोज. तिने मान खाली घालून खरंच मोजलं आणि म्हणाली, "बऱ्याच वेळा होईल." मी तिच्या नावाचं लेबल छापलं, बाटली फ्रीझरमध्ये माझ्या हाताने ठेवली. तिने झाकणाला एकदा हात लावला आणि खाली उतरली. मागे वळून पाहिलं नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी गाडीतून हाक मारून तिला सांगितलं. वाटेतल्या दोन मुलांनी माझ्याकडे पाहिलं. पाहू देत.

निघालो आणि चौकात अडकलो. पुढे एक बस आडवी बंद पडली होती. कंपन्या सुटल्या होत्या, चारी बाजूंनी गाड्या. दत्तप्रसादांनी इंजिन बंद केलं.

मी मागून ओरडले, "दत्तप्रसाद, चालू ठेवा. उन्हात फ्रीझर दुप्पट ओढतो आहे, आणि अजून एक थांबा बाकी आहे."

"गाडी उभी हाय मॅडम."

"कोंडीत उभी असलेली गाडी उभी नसते. आत कोणी बसलेलं नाही."

"अपवाद न्हाई लिवलंय."

मी मुकुंदला म्हटलं, पेन आहे ना तुझ्याकडे. मुकुंदने काचेवर वाकून पाटीच्या खाली, आतल्या बाजूने, त्याच सुंदर अक्षरात लिहिलं, 'अपवाद एक: वाहतूक कोंडी.' दत्तप्रसादांनी ते वाचलं आणि मग किल्ली फिरवली. एकशेवीसचा अल्टरनेटर गुरगुरत पन्नास देऊ लागला. मी मीटरकडे पाहत बसले. माझ्या आकड्याच्या वर दोन निघाले. आम्ही तासाच्या वर तिथे होतो. मुकुंद मागे आला आणि म्हणाला, "काय म्हणतोय तुझा नळ?" मी त्याला मीटर दाखवलं. त्याला त्यातलं काही कळत नाही, तरी त्याने नीट पाहिलं.

पाचवा थांबा उरकला. पेढीवर आठ वाजले. फ्रीझर उणे अठरा. सिस्टरांनी एकेक बाटली उचलून बघितली, ठक ठक वाजवली. सगळ्या दगडासारख्या घट्ट. सृष्टीची छोटी बाटली त्यांनी आतल्या मोठ्या फ्रीझरमध्ये पुढच्या रांगेत ठेवली. डॉक्टर अस्मिता म्हणाल्या, तपासणी होऊन तीन-चार दिवसांत जाईल. कोणाला जाईल ते सांगत नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

बाहेर पायरीवर बसले होते तेव्हा सृष्टीचा फोन आला.

"काकू, पोचलं?"

"पोचलं. जसं दिलंस तसं, गोठलेलं. एक थेंब वाया गेला नाही."

 मागे पंखा फिरल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "बरं. मग आता मी बॅग भरते."